मुंगसा, तोंड दाखव

शनिवारी सकाळची शाळा सुटली की शेजारची तिसरीतली पोर दप्तर घरात टाकते आणि कुंपणाच्या फटीतून थेट आमच्या परड्यात येते. तिथून मागच्या सोप्यात, माझ्या टेबलापाशी. चित्रांपेक्षा तिला माझी हत्यारं जास्त आवडतात. डब्यातले ब्रश एकेक करून काढायचे, गालावर फिरवायचे आणि मऊ, जाड, टोचरे अशा तीन ढिगांत मांडायचे, हा तिचा उद्योग. त्या शनिवारी तिनं आठ नंबरचा गोल ब्रश उचलला. लांब दांड्याचा; अंगठा टेकतो तिथलं काळं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलंय. तिनं तो गालावर फिरवला, मग हनुवटीखाली, मग उन्हात धरून डोळे बारीक करून बघितला आणि विचारलं, "काकू, हे केस कुणाचे ओ?"

मी मुंगूसच रंगवत होते. मुलांच्या गोष्टींच्या एका पुस्तकासाठी चित्रं करतेय, त्यातली ही पंचतंत्रातली गोष्ट, लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली. पाळण्यातलं बाळ, त्याच्याकडे सरपटत निघालेला साप, आणि रक्तानं माखलेलं तोंड घेऊन आईला सामोरं गेलेलं मुंगूस. पुढचं, आई त्याच्यावर घागर टाकते ते दृश्य काढायचं नाही असं ठरलं होतं. मला हवं होतं ते उंबऱ्यातलं मुंगूस, आईची चाहूल लागल्यावर पळत आलेलं. चार दिवस झाले तरी त्याच्या अंगाचा रंग जमत नव्हता.

"कुणाचे नाहीत गं. नायलॉनचा आहे तो," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली, ब्रश 'जाड'च्या ढिगात ठेवला आणि पुढचा उचलला.

तो ब्रश मुंगसाच्या केसांचा आहे.

तिच्या प्रश्नातला एक शब्द मला रात्रभर टोचत राहिला. आम्ही चित्रकार मंडळी दुकानात जाऊन विचारत आलो ते, 'हा कशाचा?' खारीचा, सेबलचा, मुंगसाचा, डुकराच्या केसांचा. साडी सुती आहे की रेशमी हे विचारावं तसं. तिनं विचारलं, कुणाचे. आणि उत्तर देताना मीही नकळत तिचाच शब्द उचलला होता, कुणाचे नाहीत. खोटं बोलण्याआधी माणूस जरा तरी अडखळतो, शब्द शोधतो. मी कागदावरची नजरही न उचलता बोलून गेले होते. याचा अर्थ उत्तर तयार होतं. पोरीनं विचारायच्या कितीतरी आधी मी ते स्वतःला देऊन ठेवलं होतं.

आमचं परडं काही मोठं नाही. कोल्हापूरच्या या अंगाला आता बंगल्याला बंगला भिडलाय. तरी मागं एक जुना शेवगा, दोन पपया, कढीपत्ता, अस्ताव्यस्त वाढलेली जास्वंद आणि कुंपणाच्या कडेला पूर्वीच्या मालकानं रचून ठेवलेला दगडांचा गडगा एवढं राहिलंय. मी घड्याळ लावत नाही. पहाटे दयाळ शिटी घालायला लागला की उठायचं, सातभाईंची टोळी पाचोळा उपसत कलकल करत आली की नऊ वाजले समजायचं, आणि भारद्वाजाचा तो पोटातून निघणारा घुमारा दुपारी ऐकू आला की हातातलं काम खाली ठेवून जरा पाठ टेकायची. टेबलाशी बसून अठरा वर्षं मी हेच बघत आले. किती मासिकांत, किती पुस्तकांत या परड्यातली पाखरं जाऊन बसलीत याचा मी हिशेब ठेवलेला नाही. एवढं मात्र माहितीय की माझ्या घरचं मीठमिरची यांच्यावर चाललंय.

गेरू या आमच्या बोक्याला मी आणलं नाही, तो आला. असाच एका जुलैत, भिजलेल्या चिंधीएवढा. वाळल्यावर तांबूस रंग फुलून आला म्हणून नाव गेरू. त्याची एक वाईट खोड आहे. स्वच्छ पाण्याची वाटी सोडून तो माझ्या रंगाच्या बरणीतलं पाणी प्यायला बघतो. कॅडमियमचा पिवळा, कोबाल्टचा निळा या असल्या गोष्टी जनावराच्या पोटात जाऊ नयेत म्हणून मी बरणीला झाकण लावायची सवय केली. रंगाच्या दर दोन हातांनंतर झाकण काढायचं, ब्रश खळबळायचा, झाकण लावायचं. कामाची लय तुटते, पण इतक्या वर्षांत एकदाही कंटाळा केला नाही. गेरूच्या पोटाची एवढी काळजी करणारी बाई मी. म्हणूनच त्या रात्री झोप लागेना.

गेल्या वर्षी जास्वंदीवर शिंजिराच्या मादीनं घरटं बांधलं. खिडकीपासून हातभर अंतरावर, फांदीच्या टोकाला लोंबणारं. नर आजूबाजूला फुलं चोखत हिंडायचा. सावलीत तो निव्वळ काळा दिसतो, आणि मान वळवली की निळा-जांभळा पेटतो. हा रंग पिसांच्या रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा असतो, त्यामुळे कुठल्याच ट्यूबमधून तो निघत नाही. आजवर मला साधलेला नाही. घरट्याचं काम सगळं मादीचं. पिलं उडून गेल्यावर वळवाच्या एका वादळात ते रिकामं घरटं खाली पडलं. पांढऱ्या कागदावर ठेवून मी ते चिमट्यानं हळूहळू उलगडलं. कोळ्याच्या जाळ्यानं एकमेकांना चिकटवलेले वाळक्या पानांचे तुकडे, सालीचे तंतू, अळ्यांची बारीक लेंडकं, माझ्या टेबलावरचा कागदी चिकटपट्टीचा एक कपटा. आत, जिथं अंडी होती तिथं, सावरीचा कापूस आणि त्यात गुंतलेले तांबूस केस. गेरूचे. तो ज्या पायरीवर उन्हात बसून अंग चाटतो, त्या पायरीवरून ते वेचलेले होते. मी घरट्याचं चित्र केलं, चांगलं झालं, विकलंही गेलं. ते केस मात्र एका काडेपेटीत ठेवलेत.

मुंगूस या परड्यात माझ्याही आधीचं असावं. गडग्यात त्याचं बीळ आहे. पपईच्या बुंध्यापासून धुण्याच्या दगडापर्यंत ते एका रेषेत जातं, पोट जमिनीला लागेल इतकं खाली, शेपटी मागं ओढल्यासारखी. मध्येच मागच्या पायांवर उभं राहून चारी दिशा बघतं. गेरू एकदा त्याच्या वाटेत आडवा आला होता. मुंगसानं नुसते अंगावरचे केस ताठ केले आणि बघता बघता ते दुप्पट झालं. गेरू शेपूट फुगवून दोन पावलं मागं सरला, मग जणू काही आठवल्यासारखा घरात निघून आला. सापापुढं मुंगूस टिकतं ते काही अंशी या केसांमुळेच. दंश व्हायचा तो फुलवलेल्या राठ केसांत होतो, अंगापर्यंत पोचत नाही. शिवाय नागाचं विष शरीरात जिथं जाऊन चिकटतं, ती जागाच मुंगसात जरा वेगळी घडलेली असते. आमच्या आजीचं म्हणणं वेगळं होतं. मुंगूस लढाई झाली की मुंगूसवेल खाऊन येतं, म्हणून त्याला विष बाधत नाही, असं ती ठासून सांगायची. आणि शेताकडे जाताना मुंगूस आडवं गेलं की आम्ही पोरं एका जागी उभी राहून ओरडायचो, "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!"

ते थांबायचं. खरंच थांबायचं, आणि मान वळवून बघायचं. ज्याला तोंड दिसलं त्याचा दिवस चांगला. पळता पळता थांबून मागं बघणं ही त्या प्राण्याची सवयच आहे, हे मोठेपणी कळलं, पण शपथेचा मान राखून थांबलेलं ते तोंड आजही मला तसंच आठवतं: टोकदार नाक, तांबूस डोळे, आणि आता काय, असं विचारणारा चेहरा.

तर, रंग जमत नव्हता. मुंगूस करडं म्हणावं तर त्यात पिवळट झाक, पिवळट म्हणावं तर वरून राखेचा हात फिरवल्यासारखं. पॅलेटवर मिसळून ठेवलेला कुठलाही एक रंग लावला की ते मुंगूस न राहता उंदीर व्हायचं. त्या शनिवारी पोर गेल्यावर मी दुर्बीण घेऊन सोप्यात बसले. साडेचारच्या तिरप्या उन्हात ते दगडावर आलं, मागच्या पायानं कान खाजवला, आणि खाजवताना मानेवरचे केस एकेक सुटे झाले. तेव्हा दिसलं. त्याचा रंग असा नाहीच. प्रत्येक केसावर पट्टे आहेत. टोक गडद तपकिरी, जवळजवळ काळं, त्याखाली सायीसारखा पांढरट पट्टा, पुन्हा गडद, पुन्हा पांढरट. असे हजारो केस एकमेकांवर पडले की लांबून जे दिसतं त्याला आपण मुंगशी म्हणतो.

दुर्बीण खाली ठेवली आणि डब्यातला आठ नंबर उचलला. टोक गडद तपकिरी, मध्ये सायीचा पट्टा.

तीस वर्षं मी त्या पट्ट्यावर पाणी आणि रंग चढवत आले होते. मुंगसाचा ब्रश ओळखायची तीच तर खूण, कॉलेजात शिकवलेली. पण खूण म्हणून बघणं वेगळं आणि समोरच्या दगडावर तीच मान खाजवताना बघणं वेगळं.

हे केस आम्हाला का हवेसे वाटतात तेही सांगायला हवं, कारण ती ओढ खोटी नाही. मुंगसाचा केस मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. ब्रश बांधताना केसांची टोकं कधी कापत नाहीत. जनावराच्या अंगावर जे टोक असतं तेच ब्रशचं टोक होतं. नैसर्गिक केसाला सूक्ष्म खवले असतात, त्यांत पाणी धरून राहतं आणि हाताच्या दाबासरशी थोडं थोडं सुटतं. त्यात मुंगसाचा केस चिवट. कागदावर दाबला, उचलला, की लगेच सरळ. झाडाची एक फांदी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका दमात ओढायची तर हातात असा ब्रश असावा लागतो, हे मी आजही म्हणेन. नायलॉनचा केस गुळगुळीत. पहिल्या इंचातच सगळं पाणी सोडून मोकळा होतो. आता बरेच चांगले निघालेत, पण फरक हाताला कळतो.

माझा पहिला मुंगशी ब्रश सरांनी दिला, १९९४ साली. सर आम्हाला पहाटे रंकाळ्यावर घेऊन जायचे, संध्यामठाच्या समोर बसवायचे. आबालाल रहिमान यांनी हेच पाणी रंगवलं, तुम्ही निदान नीट बघा तरी, असं म्हणायचे. धुकं उठायच्या आत पहिला हात पूर्ण करायचा, हा त्यांचा दंडक. एका सकाळी माझ्या स्वस्तातल्या ब्रशचे केस गळून ओल्या रंगात अडकले आणि मी ते नखानं काढत बसले. सरांनी काही न बोलता स्वतःचा सहा नंबर माझ्या पाण्यात बुडवला आणि हातात दिला. "परत देऊ नको. पण उभा करून वाळवू नको, पाणी मुळाशी उतरतं, केस कुजतात." सर जाऊन नऊ वर्षं झाली. तो ब्रश अजून आहे. दोन-चार केस उरलेत टोकाला, पापणीची रेघ काढायला पुरतात. आडवा ठेवूनच वाळवते.

सरांच्या ब्रशविषयी मला बोलता येतं. पोरीनं तो उचलला असता तर मी खरं सांगितलं असतं, रंकाळ्याच्या धुक्यासकट. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, सरांनाही नसेल, काळ वेगळा होता, असं सगळं रीतसर सांगितलं असतं.

पण तिच्या हातात आठ नंबर होता. तो मी विकत घेतला. २००६ मध्ये.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ साली मुंगसाला अधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत टाकलं आणि त्याच्या केसांच्या ब्रशची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. हे मला माहिती होतं. पेपरात वाचलं होतं, आमच्या चित्रकारांच्या बैठकीत त्यावर बोलणंही झालं होतं. त्यानंतर चार वर्षांनी एका मोठ्या शहरात प्रदर्शनाला गेले असताना एका दुकानात सहज विचारलं. दुकानदारानं आधी दाराकडे बघितलं, मग गल्ल्याच्या खालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली. "आता येत नाहीत मॅडम. घ्यायचे तर घ्या." मी दोन घेतले, आठ नंबर आणि बारा नंबर. पावती मागितली नाही, त्यानंही दिली नाही. पुडी पर्समध्ये टाकताना माझा हात घाईत होता, ते मला स्पष्ट आठवतं. गाडीत बसल्यावर पहिलं काय केलं असेल तर पुडी सोडून बोटाच्या टोकावर ब्रशचं टोक दाबून बघितलं. लगेच सरळ झालं. मला आनंद झाला होता.

२०१९ च्या ऑक्टोबरात वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं देशभर छापे घातल्याची बातमी आली तेव्हा तो आकडा मी दोनदा वाचला. ५४,३५२ ब्रश आणि ११३ किलो केस. एका मुंगसाच्या अंगावरून निघतात जेमतेम ४० ग्रॅम केस, त्यातले ब्रशच्या कामाचे २० च्या आसपास. म्हणजे किलोभर चांगल्या केसांना पन्नास मुंगसं. आणि हे केस कातरून घेत नाहीत. मेंढीसारखं धरून, कातरून, सोडून दिलं असं नाही. सापळा, काठी, मग केस उपटणं. त्या बातमीच्या दिवशी मी आठ आणि बारा नंबर डब्यातून काढून कपाटात ठेवले. दीड महिन्यानं एका मोठ्या कामाच्या वेळी आठ नंबर परत डब्यात आला. तो कुणी आणला? मीच.

रंगाच्या पेटीकडे नीट बघितलं तर तिथं गोठाच भरलेला असतो. सेपियाचा तपकिरी मूळचा माकुळाच्या शाईचा. कार्माइनचा लाल, किड्यांना वाळवून कुटलेला. कागदावर रंग नीट पसरावा म्हणून पाण्यात थेंबभर टाकतात ते बैलाचं पित्त. हाडांच्या कोळशाचा काळा तर आजही मिळतो. आपल्या पूर्वीच्या लघुचित्रकारांनी खारीच्या शेपटीच्या केसांनी पापण्या काढल्या. यातलं बरंचसं आता कारखान्यात होतं, आणि ते बरंच झालं. पण कारखान्यातल्या त्या पर्यायांवर मी कधी मनापासून भरवसा टाकला नव्हता, हे मला कबूल करायला हवं. खरा रंग, खरा केस, असं आम्ही म्हणतो तेव्हा 'खरा' या शब्दात कुणाचा तरी जीव असतो.

मधल्या आठवड्यात मी एक खटपट केली. काडेपेटीतले आणि पायरीवरून नव्यानं वेचलेले गेरूचे केस धुतले, विंचरले, टोकं जुळवून दोऱ्यानं बांधले आणि कावळ्याच्या पडलेल्या पिसाच्या नळीत बसवले. ब्रश दिसायला देखणा झाला. पाण्यात बुडवल्याबरोबर कापसाच्या बोळ्यासारखा गच्च बसला, टोक म्हणून धरेना. मांजराचा गळणारा केस बहुतेक आतल्या लवेचा, त्याला ताठा कुठून येणार? तरी त्यानं आभाळाचे ओले, धूसर हात चांगले येतात. ढगांसाठी ठेवलाय.

आणि उंबऱ्यातलं मुंगूस मी पुन्हा पहिल्यापासून काढलं. आधीच्या कागदावर चार दिवस मी मुंगसाच्याच केसांनी मुंगसाचे केस काढत होते, तो कागद उलटा करून फडताळात ठेवला. या वेळी पेन्सिलनं अंगाची वळणं बसवली, वर पातळ पिवळट हात दिला, आणि चार नंबरच्या नायलॉननं, जवळजवळ कोरड्या रंगात, एकेक केस. गडद, मग जागा सोडायची, पुन्हा गडद. पाणी लवकर सुटतं म्हणून दर दोन रेघांनी ब्रश टिपावा लागतो, बरणीचं झाकण काढावं लागतं, लावावं लागतं. पाठीचा एक हातभर भाग पूर्ण व्हायला तीन दुपारी गेल्या. तोंड शेवटी केलं. घागर अजून चित्राबाहेर आहे आणि त्याला काही माहिती नाही, असं ते तोंड हवं होतं. मी आमच्या परड्यातल्याचं तोंड काढलं.

पुढच्या शनिवारी पोर आली. टेबलावरचं चित्र बघून तिनं बोट टेकवायच्या आधी माझ्याकडे बघितलं, मी वाळलंय म्हणून खूण केली, आणि तिनं पाठीवरून केसांच्या दिशेनं हात फिरवला. मग नेहमीसारखे ब्रश काढायला बसली. आठ नंबर मी मुद्दामच डब्यात ठेवला होता. तो तिच्या हातात आला तेव्हा मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मागच्या वेळी तू विचारलंस ना, हे केस कुणाचे? मी खोटं सांगितलं. मुंगसाचे आहेत."

तिनं ब्रशकडे बघितलं, मग चित्राकडे, मग गडग्याकडे. "आपल्या?"

"नाही. दुसऱ्या कुठल्यातरी."

"ते मेलं होतं?"

"हो."

"आपोआप?"

"नाही."

ती जरा वेळ गप्प बसली. सातभाई पाचोळ्यात कलकल करत होते. तिनं ब्रश कुठल्याच ढिगात ठेवला नाही, डब्यातही टाकला नाही. माझ्या हातात दिला. मग उठून धुण्याच्या दगडापाशी गेली, नळ सोडून दोन्ही हात धुतले, गालही धुतला, आणि ओल्या हातांनीच परत येऊन बसली.

"काकू, पेन्सिल द्या," ती म्हणाली.